गाडी खाली घेताना : २० मिलिमीटरचा हिशेब

जळगावहून चोपड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विदगावचा तापीवरचा पूल ओलांडून अडावदच्या पलीकडे आमचे गाव आहे. गावात शिरताना शाळेसमोर एक गतिरोधक आहे, आणि माझ्या गाडीला कोणते सस्पेन्शन बसवायचे याचा निकाल अखेर त्या गतिरोधकानेच लावला. तो निकाल कळायला मात्र मला सात महिने लागले, आणि त्यातले पहिले चार महिने मी त्या गतिरोधकाचा विचारही केला नव्हता.

गाडी २०१८ सालची पेट्रोल स्विफ्ट. २०२२ मध्ये वापरलेली घेतली. ती खाली घ्यावी, म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची कमी करावी, असे वाटण्याची दोन कारणे होती आणि दोन्ही सांगितलेली बरी. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला जास्तच झुकते असे मला वाटे, हे चारचौघांत सांगण्याजोगे कारण. टायर आणि वरची कमान यांच्यामधली पोकळी, जिच्यात माझी चार बोटे सहज आडवी मावत, ती मला पाहवत नसे, हे खरे कारण. नानांना, म्हणजे वडिलांना, यातले पहिले कारण सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “लोके गाडी वर करतस, तू खाले कसाले करी राहिना?” आमच्याकडे शेतरस्त्याला जाणारा माणूस जीप आणि बोलेरोच्याच भाषेत विचार करतो, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

पहिला सल्ला मिळाला तो मोठ्या चाकांचा. शोरूमसारखी सोळा इंची अलॉय चाके घाल, पोकळी आपोआप भरेल, असे एका मित्राचे म्हणणे होते. मी पाइपच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या खात्यात काम करतो, त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझे टायर १८५/६५ आर १५ मापाचे, म्हणजे बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर. त्याऐवजी सुचवलेले १९५/५५ आर १६, त्यांचाही व्यास ६२१ च्याच जवळ. रिम मोठी होते, रबर तेवढेच पातळ होते, पोकळी जिथल्या तिथे राहते आणि खड्ड्यात रिम वाकण्याची भीती तेवढी वाढते. तो विषय तिथेच संपला.

दुसरा मार्ग सर्वांत स्वस्त होता. जळगावातल्या एका गॅरेजमध्ये स्प्रिंगचा एक वेढा कापून चारही चाके दीड हजारात ‘बसवून’ देण्याची तयारी होती, आणि काम दुपारपर्यंत होणार होते. माझ्या मावसभावाने त्याच्या गाडीला हेच केले होते. त्याच्या गाडीतून अजिंठ्याच्या घाटापर्यंत गेलो तेव्हा मागून सतत खडखड ऐकू येत होती, आणि पंक्चर काढायला गाडी जॅकवर उचलली तेव्हा मागची स्प्रिंग आपल्या बसकणीवरून सुटून हाताने फिरवता येऊ लागली. स्प्रिंगचे शेवटचे टोक बसकणीत नीट बसावे म्हणून कारखान्यात ते मुद्दाम वेगळ्या आकारात वळवलेले असते. कापल्यावर ते टोकच जाते आणि उरते ती उघडी, धारदार तार. गॅस कटरने कापले तर त्या जागी तारेला दिलेले पाणीही उतरते. वेढे कमी झाल्याने स्प्रिंग ताठ होते हे खरे. पाच कामाच्या वेढ्यांतला एक गेला तर ताठरपणा बरोबर २५ टक्क्यांनी वाढतो. हा २५ चा आकडा पुढे पुन्हा येणार आहे, पण तो वेगळ्या वाटेने.

तिसरा मार्ग तयार लोअरिंग स्प्रिंगचा. धुळ्याच्या एका मित्राने याच मॉडेलच्या गाडीला ४० मिलिमीटर खाली नेणाऱ्या स्प्रिंग लावल्या होत्या आणि शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची नळकांडी, मात्र मूळचेच ठेवले होते. त्याने मोठ्या मनाने गाडी एक दिवस चालवायला दिली आणि मी ती पारोळा, एरंडोल करीत जळगावपर्यंत आणली. दिसायला गाडी फार देखणी होती, हे कबूल केलेच पाहिजे. महामार्गाच्या गुळगुळीत भागावर ती घट्ट बसल्यासारखी धावे, परंतु जोडरस्त्यावर येताच प्रत्येक खड्ड्याला समोरून ‘ठक्’ असा कोरडा आवाज येई आणि स्टिअरिंग हाताला हिसका देई. उंच लाटेवरून उतरल्यावर गाडी एकदा खाली जाऊन थांबण्याऐवजी दोन-तीन वेळा वरखाली होई.

त्या ‘ठक्’चे मूळ शोधायला मी माझ्याच गाडीवर एक सोपा प्रयोग केला. शॉकअपच्या दांड्यावरचे धुळीचे रबरी आवरण वर सारून दांड्याला प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट आवळायची, ती खाली टेकवायची, आणि नेहमीच्या रस्त्यावरून फिरून यायचे. शॉकअप जितका दबेल तितकी टाय वर सरकते आणि तिथेच राहते. उभ्या गाडीत पुढच्या शॉकअपच्या नळकांड्यापासून वरच्या रबरी ठोकळ्यापर्यंत, ज्याला बंप स्टॉप म्हणतात, मला ४४ मिलिमीटर मोकळी जागा मिळाली. गावापर्यंत जाऊन आलो तेव्हा टाय ५१ मिलिमीटर सरकलेली होती, म्हणजे मूळच्या उंचीवरही एखाद्या खड्ड्यात गाडी रबराला टेकत होतीच. गाडी ४० ने खाली गेली की ४४ पैकी ४ मिलिमीटर उरतात. मग चाक स्प्रिंगवर नव्हे, रबरी ठोकळ्यावरच चालते. धुळ्याच्या गाडीत मी जे ऐकले ते हेच होते.

वरखाली होण्याचे कारण निराळे. स्प्रिंग ताठ केली की तिची उसळी आवरायला शॉकअपही तेवढाच कडक लागतो, पण सरळ प्रमाणात नव्हे, तर वर्गमुळाच्या प्रमाणात. ताठरपणा २५ टक्के वाढला तर शॉकअपची आवर सुमारे १२ टक्के वाढायला हवी. ५० हजार किलोमीटर चाललेले मूळचे शॉकअप, त्यात आमच्याकडचा ४५ अंशांचा मे महिना आणि पातळ झालेले तेल. त्यांच्याकडून ही वाढ मागणे अन्यायाचे होते.

चौथा मार्ग कॉइलओव्हरचा, ज्याची भूल मला सर्वांत जास्त पडली. स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकत्र जोडलेला संच, नळकांड्यावर आटे, आणि आट्यांवरची कडी फिरवून हवी ती उंची. नाशिकला एका ओळखीच्या माणसाकडे बसवलेला संच पाहिला, पान्याने कडी फिरवूनही पाहिली. तिथे एक गोष्ट कळली जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. साध्या संचात कडी खाली घेतली की गाडी खाली येते, पण त्याच मापाने शॉकअपची दबायची जागाही खाल्ली जाते. महाग संचात खालचे ब्रॅकेट वेगळ्या आट्यांवर असते, त्यामुळे उंची बदलूनही आतला प्रवास कायम राहतो. शिवाय कडी आवळून स्प्रिंग ‘कडक’ करता येते, हा समजही खोटा. सरळ स्प्रिंगवर आधी ताण दिल्याने तिचा ताठरपणा बदलत नाही, केवळ उंची बदलते. किंमत लाखाच्या घरात जात होती. त्याहून मोठी अडचण ही की नाशिकच्या त्या मालकाने स्वतःच सांगितले, पहिल्या पावसाळ्यानंतर मागच्या कड्या आट्यांवर अशा घट्ट बसल्या की त्या तेल सोडून, ठोकून मोकळ्या कराव्या लागल्या. काळ्या मातीचा चिखल आट्यांत वाळला की तो सिमेंटसारखा होतो, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे सांगायला नको होते. वरच्या टोकाला रबराऐवजी धातूचा गोल बेअरिंगचा माउंट होता आणि तो आधीच कटकट वाजत होता.

या टप्प्यावर मी बाजार सोडून रस्त्याकडे वळलो. एका रविवारी सकाळी ओळंब्याचा दोरा, दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आणि टेप घेऊन जळगाव ते गाव या रस्त्यावरचे सगळे गतिरोधक मोजत गेलो. ममुराबादजवळ एका म्हाताऱ्या बाबांनी मला बांधकाम खात्याचा माणूस समजून गावातल्या गटारीची तक्रार सांगितली, आणि ती मी निमूटपणे ऐकून घेतली.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार साध्या वाहतुकीसाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा. असा गतिरोधक खाली घेतलेल्या गाडीला मुळीच त्रासाचा नाही. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २४५० मिलिमीटर, ३.७ मीटर रुंदीच्या कमानीवर चारही चाके एकाच वेळी चढलेली असतात, आणि त्या स्थितीत चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर कमानीचा फुगवटा भूमितीनुसार फक्त ४४ मिलिमीटर येतो. खरी अडचण गावोगावच्या अरुंद गतिरोधकांची आहे. रुंदी २४५० पेक्षा कमी असली की पुढची चाके पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडेच असतात आणि गतिरोधक पूर्ण उंचीने पोटाखाली उभा राहतो. आमच्या शाळेसमोरचा १६०० मिलिमीटर रुंद आणि मधोमध १२६ मिलिमीटर उंच भरला. वाटेतले दोन गतिरोधक त्याहून उंच होते, पण चांगले पसरट होते. म्हणजे माझ्या गाडीला जो आकडा सांभाळायचा होता तो १२६.

कंपनीच्या पत्रकात गाडीची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर दिलेली आहे. परंतु गतिरोधकावर घासते ते दोन चाकांच्या मधले पोट, आणि तिथे सायलेन्सरच्या नळीखाली मला रिकाम्या गाडीत १७२ मिलिमीटर मिळाले. मग गाडी शेतात नेऊन मागच्या बाकावर आणि डिकीत मिळून युरियाच्या पाच गोण्या ठेवल्या. एक गोणी ४५ किलोची, म्हणजे एकूण २२५ किलो. लग्नसराईत मागे तीन माणसे, त्यांच्या बॅगा आणि आहेराची भांडी यांचे वजन साधारण एवढेच होते. गाडी पुढे १२ आणि मागे ४६ मिलिमीटर बसली, म्हणजे मध्यावर २९ ने. १७२ मधून २९ वजा जाता १४३ उरले. नाना गोठ्यातून हे सगळे पाहत होते, पण काही बोलले नाहीत.

पुढचा हिशेब कागदावरचा होता. स्प्रिंग २५ टक्के ताठ घेतली तर त्याच ओझ्याखाली मध्यावर २९ ऐवजी सुमारे २३ मिलिमीटरच बसेल. गाडी ४० ने खाली नेली तर ओझ्यासह १०९ उरतात. १२६ च्या गतिरोधकावर सायलेन्सर ठेवून यायचा असेल तरच ते परवडले असते. ३० ने नेली तर ११९. २० ने नेली तर १२९, म्हणजे सावकाश, चालण्याच्या वेगाने गेल्यास तीन मिलिमीटर राखून निघता येईल. वीस मिलिमीटर हा आकडा असा आला. मित्रांना तो फारच भित्रा वाटला.

त्याला आणखी एक आधार गाडीखाली वाकून पाहिल्यावर मिळाला. पुढच्या चाकांचे सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचे आहे, ज्यात स्प्रिंग आणि शॉकअपचा उभा खांब वर बॉडीला आणि खाली एका आडव्या लोअर आर्मला जोडलेला असतो. १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून लहान गाड्यांत ती सर्वदूर पसरली. मूळ उंचीवर माझ्या गाडीची लोअर आर्म चाकाकडे किंचित खाली उतरती होती. २० ने खाली गेल्यावर ती जवळजवळ आडवी होते आणि ४० ने गेल्यावर चाकाकडे वर चढती होते. आर्म अशी उलटली की बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या उंचीपेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो, कलायला मोठी तरफ मिळते, आणि स्प्रिंग पुरेशी ताठ नसेल तर खाली घेतलेली गाडी वळणावर उंच गाडीपेक्षाही जास्त झुकू शकते. कन्नडच्या घाटाचे कारण पुढे करून मी गाडी ४० ने खाली घेतली असती तर घाटातच फसलो असतो.

बाजारात २० मिलिमीटरची तयार स्प्रिंग मला मिळाली नाही, म्हणून ती वळवून घेतली. पुण्याजवळच्या एका स्प्रिंग कारखान्याशी आमच्या कारखान्याचा जुना व्यवहार होता. तिथल्या अभियंत्याबरोबर बसून मापे ठरवताना सर्वांत मोलाची गोष्ट कळली ती मोकळ्या लांबीची. पुढच्या एका कोपऱ्यावर सुमारे २५० किलो भार धरला आणि मूळ स्प्रिंग मिलिमीटरला अंदाजे दोन किलोची धरली, तर ती गाडीखाली जवळपास १२५ मिलिमीटर दबलेली असते. अडीच किलोची स्प्रिंग त्याच भाराखाली १०० च दबते. म्हणजे ताठ स्प्रिंगने गाडी आपोआप २५ ने वर उचलली जाते, आणि तिला २० ने खाली आणायचे तर मोकळी लांबी २० ने नव्हे, ४५ मिलिमीटरने कमी करावी लागते. मग जॅकवर गाडी उचलल्यावर स्प्रिंग सैल पडते का हेही तपासावे लागते. माझ्या गाडीत उभ्या स्थितीपासून चाक ७२ मिलिमीटर खाली लोंबते. गाडी २० ने उतरल्यावर ते ९२ होणार होते, आणि स्प्रिंग १०० दबलेली. शेवटच्या आठ मिलिमीटरांवर ती बसकणीत धरलेली राहणार होती. मावसभावाच्या गाडीत नेमके हेच सांभाळले गेले नव्हते, एरवी ताठरपणा त्याचाही तेवढाच वाढला होता. ताठरपणासाठी आम्ही वेढे कमी केले नाहीत, तार जाड घेतली. तारेच्या व्यासाचा चौथा घात लागत असल्याने साडेअकराची तार बारा मिलिमीटरची केली तरी स्प्रिंग साडेअठरा टक्क्यांनी ताठ होते. सोबत मूळ उंचीचेच, पण थोडे कडक असे गॅसचे नवे शॉकअप घेतले आणि बंप स्टॉपही नवे घातले.

बसवणी एका गॅरेजमध्ये दिवसभर चालली. तिथे मी एक चूक पाहिली आणि गप्प बसलो, याचा मला अजून राग येतो. लोअर आर्मचे बोल्ट त्यांनी गाडी जॅकवर लोंबत असतानाच पूर्ण आवळले. आर्मच्या रबरी बुशला त्याच स्थितीची सवय लागते. गाडी खाली उतरली की बुश कायमची पिळलेली राहते. गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचा ताण द्यायचा असतो, हे मला वाचून ठाऊक होते, पण उस्तादांना कसे सांगायचे हा संकोच आडवा आला. तीन महिन्यांत डावीकडची बुश फाटली आणि ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढू लागली. दुसऱ्या वेळी मी पाना स्वतःच्या हाताने धरला.

कायद्याचाही विचार केला होता. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीतला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे अधोरेखित केले. जमिनीपासूनची उंची आर.सी. पुस्तकावर लिहिलेली नसते, तरीही तेवढ्यावर निर्धास्त होणे मला पटले नाही. विमा कंपनीला बदलाचे पत्र दिले, त्याची पोच ठेवली, आणि मूळचे स्प्रिंग व शॉकअप तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत.

व्हील अलाइनमेंट बसवणीच्या दिवशी एकदा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा केले. पहिल्या वेळी पुढची चाके बरीच आत वळलेली निघाली; ती तशीच राहिली असती तर पावसाळ्यापूर्वीच टायरची कड झिजली असती. हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवला.

गाडीत काय बदलले ते अडावदच्या रस्त्यावर सर्वांत स्पष्ट कळते. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता कापडासारखा लाटा धरतो. एका पट्ट्यात त्या लाटा साधारण १२ मीटरवर आहेत. ६० च्या वेगाने गेले की सेकंदाला १.४ लाटा चाकाखालून जातात, आणि मूळ स्प्रिंगवर गाडीची स्वतःची डोलण्याची लय तेवढीच होती. त्यामुळे त्या पट्ट्यात आमची गाडी बैलगाडीसारखी डोले आणि आईला हमखास मळमळे. आता ती लय १.६ च्या आसपास गेली आहे, डोलणे सुरू होते ते सत्तरच्या जवळ, आणि नवे शॉकअप ते एका झोक्यात आवरतात. आई अजूनही खिडकी उघडी ठेवते, पण लिंबू हातात घेत नाही. कन्नडच्या घाटात झुकणे कमी झाले आहे, मी मनात धरले होते तितके नाही. पोकळीत आता चारऐवजी तीन बोटे जातात. लहान, तीक्ष्ण खड्डे पूर्वीपेक्षा जास्त जाणवतात, हा तोटा मी आधीच धरला होता.

न धरलेला तोटा निराळाच निघाला. नवी स्प्रिंग पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये थोडी बसते हे मला माहीत होते, तरी हिशेबात मी ते घेतलेच नव्हते. मोजले तर चारही कोपरे ४ मिलिमीटरने खाली आलेले. १२९ चे १२५ झाले आणि गतिरोधक १२६ चा. वैशाखात चुलत बहिणीच्या लग्नाहून पाच माणसे आणि सामान घेऊन परतताना शाळेसमोर सायलेन्सरची नळी खरखरली. नाना आपणहून दार उघडून खाली उतरले, मागून गाडी पलीकडे गेलेली पाहिली आणि पुन्हा येऊन बसले.

त्यानंतर चारही स्प्रिंगांखाली पाच मिलिमीटर जाडीच्या रबरी गाद्या घातल्या. गाडी आता मूळ उंचीपेक्षा १९ मिलिमीटर खाली आहे. दिवाळीपूर्वी गावात डांबर पडले आणि त्याचा एक हात गतिरोधकावरूनही फिरला, तेव्हा दोरा आणि पट्टी घेऊन तो मी पुन्हा मोजला. तो १३४ भरला. तेव्हापासून गाडी भरलेली असली की मी शाळेच्या अलीकडे थांबतो, मागची माणसे उतरतात, आणि नाना पलीकडे उभे राहून हात दाखवतात.